येशू कोण होता? मराठीची चारशे वर्षांतली उत्तरं

येशू ख्रिस्त कोण, असं विचारत सोलापुरात हिंडलं तर एका दुपारीत चार वेगळी उत्तरं पदरात पडतील. रंगभवन परिसरातल्या चर्चमध्ये तो देवाचा पुत्र, वधस्तंभावर मेलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला तारणारा. बेगम पेठेत तो हजरत ईसा, बीबी मरियमचा मुलगा आणि अल्लाचा पैगंबर. कुमारीच्या पोटी जन्मला हे तिथे मान्य, पण तो देवाचा मुलगा नव्हे आणि सुळावर मेलाही नाही. बुधवार पेठेतला आंबेडकरी कार्यकर्ता म्हणेल, थोर माणूस, पण आम्हाला मार्ग दाखवला तो बुद्धाने. आणि सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेवरून परतणारा कुणी सहज बोलून जाईल की देव शेवटी एकच. हे चौथं उत्तर सगळ्यांत गोड, आणि त्यामागे विचार सगळ्यांत थोडा.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे 10 लाख 80 हजार होती, म्हणजे शंभरात एकही पुरती नाही. त्यातली बरीचशी मुंबई-वसईकडची. सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न घराघरातला होण्याचं कारणच नव्हतं. तरीही मराठी लिहिणाऱ्या माणसांनी गेली चारशे वर्षं या एका परदेशी पुरुषाशी जेवढी झटापट केली आहे, तेवढी दुसऱ्या कुणाशी केली असेल असं वाटत नाही. कुणी त्याला पुराणपुरुष केलं, कुणी गुरू, कुणी बळीराजा, एकाने तर थेट तमिळ ब्राह्मण. तो जो होता, म्हणजे गालील प्रांतातला यहुदी, तेवढं मात्र त्याला मराठीत फारसं कुणी होऊ दिलं नाही.

आधी इतिहास. असा माणूस होऊन गेला का, याबद्दल अभ्यासकांत आता मोठा वाद उरलेला नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116 च्या सुमारास लिहितो की तिबेरियस बादशहाच्या काळात पाँतियस पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा मनस्वी तिटकारा होता, तेव्हा भक्तिभावाने त्याने हे लिहिलं असण्याचा प्रश्नच येत नाही. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या 93-94 च्या सुमाराच्या ग्रंथात येशूचे दोन उल्लेख आहेत. पहिल्यात पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी आपल्या पदरचं घातलेलं आहे, हे वाचताना लगेच कळतं. दुसरा उल्लेख येशूचा भाऊ याकोब याला दगडांनी मारल्याच्या हकिकतीत ओघाने आलेला, आणि म्हणूनच जास्त भरवशाचा. सगळ्यांत जुना साक्षीदार पौल. त्याची पत्रं इ.स. 50 नंतरच्या दशकातली, म्हणजे येशू गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांतली. यरुशलेमेत आपण येशूचा शिष्य पेत्र याला आणि ‘प्रभूचा भाऊ’ याकोबाला भेटलो, असं तो स्वतः लिहितो. ज्याच्या भावाला भेटून आलेला माणूस कागदावर साक्ष देतो आहे, त्याला काल्पनिक ठरवायचं तर बरीच कसरत करावी लागते.

जमिनीतूनही थोडा पुरावा निघाला आहे. 1961 मध्ये कैसरिया इथल्या जुन्या नाट्यगृहात पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. 1968 मध्ये यरुशलेमजवळच्या एका कबरीत येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी मिळाल्या. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच होता. ठोकताना त्याचं टोक वाकलं, म्हणून प्रेत उतरवताना तो निघाला नाही, आणि खिळ्यासकट पाय कबरीत गेला. येशूशी या माणसाचा काही संबंध नाही. पण त्या काळात, त्याच शहरात वधस्तंभावर मारणं म्हणजे काय असायचं, हे ते हाड कुठल्याही चित्रापेक्षा जास्त सांगतं.

यापलीकडे खात्रीचं फार नाही, पण जे आहे ते कमीही नाही. राजा हेरोद इ.स.पूर्व 4 मध्ये वारला. येशूचा जन्म त्याच्या हयातीतला, म्हणजे गंमत अशी की ख्रिस्त ‘ख्रिस्तपूर्व’ काळात जन्मला. सहाव्या शतकात दिओनिसियस नावाच्या साधूने सनाचा हिशोब मांडला, त्यात ही चूक राहून गेली. 25 डिसेंबर ही तारीख रोममध्ये चौथ्या शतकात नोंदलेली आढळते. शुभवर्तमानकार लूक ज्या शिरगणतीसाठी योसेफ-मरियेला बेथलेहेमला नेतो, ती क्विरिनियसची शिरगणती इ.स. 6 मधली, हेरोद मेल्यानंतर दहा वर्षांची. त्यामुळे येशू नासरेथातच जन्मला असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून बाप्तिस्मा, गालिलातल्या गावांतून देवाच्या राज्याची घोषणा, दाखले सांगून बोलायची रीत, जकातदार आणि पापी ठरवलेल्यांच्या पंगतीला बसणं, वल्हांडण सणात यरुशलेमेत जाऊन मंदिराच्या आवारात केलेली गडबड आणि इ.स. 30 किंवा 33 च्या सुमारास रोमन हुकुमाने झालेला मृत्यू, एवढ्यावर बहुतेकांचं एकमत आहे. चारही शुभवर्तमानं त्यानंतरची. मार्काचं इ.स. 70 च्या आसपासचं, योहानाचं पहिलं शतक संपता संपता. ती चरित्रं नव्हेत, साक्षी आहेत. लिहिणाऱ्यांनी आपला विश्वास लपवलेला नाही.

या साक्षींतून मूळ माणूस वेगळा काढायचा उद्योग युरोपात अठराव्या शतकात सुरू झाला. 1835 मध्ये डेव्हिड स्ट्राउसने चमत्कारांच्या कथांना पुराणकथा म्हटलं आणि त्याची नोकरी गेली. 1863 मध्ये रेनाँने येशूला गालिलातला हळवा, सुंदर उपदेशक बनवलं, आणि ते पुस्तक धो धो खपलं. 1906 मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरने या सगळ्या चरित्रांची झाडाझडती घेतली. त्याचा निष्कर्ष असा की ज्याने त्याने येशूत स्वतःचंच रूप पाहिलं आहे. उदारमतवाद्याला तो उदारमतवादी दिसला आणि नीतिवाद्याला नीतिवादी. पुढे गेझा व्हर्मेश (1973) आणि ई. पी. सँडर्स (1985) यांनी त्याला पुन्हा त्याच्या यहुदी अंगणात नेऊन बसवलं. आज गंभीर अभ्यास तिथूनच सुरू होतो.

श्रद्धेची वाट निराळी. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचं ठरवलं. 451 मध्ये कॅल्सेडॉनला पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असं सूत्र पक्कं झालं. या सूत्रांच्या शब्दाशब्दावरून माणसं देशोधडीला लागली. आपल्याकडे त्यांवर फार कुणी डोकं खपवलं नाही, एका बाईंचा अपवाद सोडून. त्यांच्याकडे येतोच.

मराठीत येशू पहिल्यांदा थाटात अवतरला तो गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला आणि उरलेलं आयुष्य मुख्यतः साष्टीत काढून 1619 मध्ये वारला. 1616 मध्ये छापून झालेलं त्याचं ‘क्रिस्तपुराण’ जवळपास अकरा हजार ओव्यांचं आहे. नव्याने बाटलेल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय होती आणि जुनी पुराणं त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती. ती पोकळी भरायला त्याने हे नवं पुराण रचलं. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तकथा. छपाई रोमन लिपीत, पण बाज अस्सल मराठी ओवीचा. तीन आवृत्त्या निघाल्या, 1616, 1649 आणि 1654 मध्ये, आणि तिन्हींची एकही प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर. 1907 मध्ये मंगळूरला सालढाणांनी तो छापला, पुढे लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखित उजेडात आलं.

मराठीच्या कौतुकाच्या ओव्या म्हणून आपण या ग्रंथाचा एवढासा तुकडा शाळेत पाठ करतो आणि बाकीचं फडताळात ठेवतो, हे बरं नाही. अकरा हजार ओव्यांत एक परका माणूस आपल्या दैवताला वैकुंठ, भक्त, अवतरणं या मुलुखात हिंडवून आणतो, हे भाषेचं मोठंच काम आहे. पण त्या कामाची जमीनही विसरता येत नाही. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, आणि 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी जेझुइटांना ठार मारलं होतं. स्टीफन्सचा ख्रिस्त ओवीत गोड बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र उठून जायची मुभा नव्हती. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्धच हुकूम काढला, तेव्हा हा ओवीतला ख्रिस्तही अडगळीत गेला.

देशावर तो आला दोनशे वर्षांनी, छापखान्यातून. विल्यम कॅरीने सेरामपूरला वैजनाथशास्त्र्यांच्या मदतीने मत्तयाचं शुभवर्तमान 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये मराठीत काढला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला गेले आणि 1860 च्या दशकात सोलापुरात येऊन स्थिरावले. 1842 मध्ये त्यांचं ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. मिशनऱ्यांनी देवळाच्या दारात, बाजारात, पंढरीच्या वारीत पुस्तिका वाटल्या. विठोबावर आणि मूर्तिपूजेवर तोंडसुख घेतलं की लोक येशूकडे वळतील, असा त्यांचा सुरुवातीचा अंदाज. तो साफ चुकला.

त्यांना तोडीस तोड उत्तर मिळालं 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर. विष्णुबुवा ब्रह्मचारी दर आठवड्याला तिथे भाषण करायचे आणि समोर अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन. बुवांचे सवाल रोखठोक. देव सर्वशक्तिमान असेल तर माणसांना क्षमा करायला पुत्राचा बळी कशाला हवा? एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याने भोगली तर त्यात न्याय कुठला? पाद्रीसाहेबांकडेही उत्तरं होती. बोवेनने तो वाद इंग्रजीत छापला, म्हणून तो आपल्याला वाचता येतो. आज वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजूंना तर्क जिंकायचा होता. गालिलातल्या त्या माणसात रस असल्याचं दोघांच्याही बोलण्यात जाणवत नाही.

जोतीराव फुल्यांना मात्र रस होता, आणि तो तर्काचा नव्हता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माळी तरुण बाटला नाही. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवलं: नाडलेल्यांचा कैवारी, पश्चिमेकडे जन्मलेला दुसरा बळी. ‘इडा पिडा टळो’ म्हणत दिवाळीत ज्या राजाची वाट पाहिली जाते, त्याच्या शेजारी नासरेथकर. हे धर्मशास्त्राच्या पुस्तकात बसणारं नव्हे. मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांचा निर्मिक कुणाला पुत्र म्हणून पाठवत नाही, अवतारही घेत नाही. एका घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असला तरी त्यांनी एकमेकांचा द्वेष करू नये, असं ते सांगतात. फुल्यांनी येशूचं देवत्व सोडलं आणि त्याचं काम ठेवलं. माझ्या मते मराठीतलं हे सगळ्यांत धाडसी वाचन आहे, आणि ऐतिहासिक दृष्ट्याही ते फार दूर गेलेलं नाही. रोमच्या आणि मंदिराच्या दुहेरी करांखाली पिचलेल्या शेतकऱ्या-कोळ्यांत हिंडणारा माणूस त्यांनी बरोबर ओळखला होता.

आता त्या बाई. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि ताबडतोब भांडायला सुरुवात केली. त्यांची आणि तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनची पत्रं 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. ती ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर मिळवावीत. त्रैक्य बायबलात कुठे लिहिलं आहे ते दाखवा, हा त्यांचा हट्ट. पुत्र आणि पिता एकच, हे चर्च म्हणतं म्हणून मी का मानू? आत्ताच तर मोठ्या कष्टाने भटजींच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. लॅटिन माझ्या लोकांना कळत नाही, मग संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. सिस्टरबाईंना हा अहंकार वाटला. मला हे नायसियाच्या परिषदेपेक्षा जास्त वाचनीय वाटतं, कारण तिथले बिशप बादशहाच्या खर्चाने वाद घालत होते, आणि इथे एक विधवा, परमुलखात, ज्यांच्या घरचं अन्न खाते त्यांच्याशीच वाद घालते आहे.

रमाबाई शेवटपर्यंत तिथेच थांबल्या नाहीत. 1891 च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला त्यानंतर त्यांचा ख्रिस्त बराच जिव्हाळ्याचा झाला. ग्रीक आणि हिब्रू शिकून त्यांनी अख्खं बायबल बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात, मुक्तिसदनात, दुष्काळातून आणलेल्या मुलींनी त्याची छपाई केली. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या किती सोलापूरकरांना केडगाव ओलांडताना याची आठवण होते, कोण जाणे.

कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तोही रेल्वेच्या डब्यात. एका गोऱ्या सहप्रवाशाने तो हाती ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं, ही गोष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, त्याही आपल्या मनाने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं टिळक म्हणायचे, आणि त्यांच्या अभंगांत ते दिसतंही. ख्रिस्त त्यांच्याकडे माऊली आहे, गुरू आहे, सखा आहे. मराठी मंडळींत आजही उपासनेला जी गीतं म्हटली जातात, त्यांत टिळकांची गीतं मोठ्या संख्येने आहेत. झांज-तबल्यावर ती ऐकताना नवख्या माणसाला आपण भजनात बसलो आहोत असं वाटलं तर नवल नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही कल्पना. चर्चच्या भिंतीबाहेर ख्रिस्त आणायचा हा प्रयत्न पुढे त्यांच्या मृत्यूमुळे (9 मे 1919) अर्धा राहिला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही अर्धं राहिलं होतं. पहिले दहाएक अध्याय त्यांचे. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्या बाईंना लग्नात धड लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांनी. 1938 मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा दोघेही नव्हते. स्टीफन्सपासून टिळकांपर्यंत तीनशे वर्षांत ख्रिस्ताने ओवी आणि अभंग दोन्ही अंगावर घेतले. फरक एवढाच की स्टीफन्सने मराठी वेश त्याला बाहेरून चढवला, आणि टिळकांना तो वेगळा वेश आहे हे जाणवतच नव्हतं.

पुण्यातल्या पंडितांची मात्र निराळीच लगबग चालली होती. लोरिन्सर नावाच्या जर्मन विद्वानाने 1869 मध्ये दावा केला होता की गीतेने नव्या करारातून उसनवारी केली आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या परिशिष्टात याचा समाचार घेतला. त्यांचा डाव उलटा. भक्ती आणि संन्यास या गोष्टी यहुद्यांच्या कर्मप्रधान धर्मात उगवणं शक्य नाही, एसिनी या यहुदी पंथाला त्या बौद्ध भिक्षूंकडून मिळाल्या असाव्यात आणि तिथून ख्रिस्ताकडे गेल्या. गंमत म्हणजे दोनच वर्षांपूर्वी रा. गो. भांडारकरांनी नेमकं विरुद्ध सुचवलं होतं: बाळकृष्णाच्या काही कथांत आभीरांनी पश्चिमेकडून आणलेल्या बाळ ख्रिस्ताच्या कथांचा अंश असेल. एकाच गावातले दोन महापंडित, आणि ख्रिस्त एकाकडे ऋणको तर दुसऱ्याकडे धनको. आज दोघांचंही कुणी मान्य करत नाही.

ही वाट जिथे जाऊन संपली ते पाहण्यासारखं आहे. बाबाराव सावरकरांचं ‘ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व’ त्यांच्या निधनानंतर, 1946 मध्ये निघालं. त्यात येशू तमिळ विश्वकर्मा ब्राह्मण, एसिनी लोकांनी त्याला क्रूसावरून जिवंत उतरवलेलं आणि शेवटी काश्मिरात समाधी. 2016 मध्ये मुंबईच्या सावरकर स्मारकाने ते पुन्हा छापलं तेव्हा पुष्कळ गाजावाजा झाला. काश्मिराची कथा मुळात दोन ठिकाणची. एक नोटोविच या रशियनाने 1894 मध्ये लडाखच्या हेमिस मठाच्या नावावर खपवलेली. मॅक्समुल्लरने तिचा फोलपणा त्याच वर्षी दाखवला, आणि पुढे मठात जाऊन चौकशी करणाऱ्या डग्लस नावाच्या माणसाला तिथल्या मुख्य लामाने असं काही पुस्तकच नाही असं सांगितलं. दुसरी कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी श्रीनगरच्या रोजाबल या कबरीवर उभारलेली. बाबारावांचं पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, मृत समुद्राकाठच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. ज्यांचा संबंध बहुतेक अभ्यासक एसिनी पंथाशी जोडतात, त्या या गुंडाळ्या आतून-बाहेरून यहुदी निघाल्या. बुद्धाचा त्यात मागमूस नाही. लोकमान्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. 2016 मध्ये पुस्तक छापणाऱ्यांना ते माहीत असायला हवं होतं.

आणि या सगळ्यात यहुदी माणूस आपल्याला शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल शतकानुशतकं राहत होते. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे. अमेरिकन मिशनने आणि स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने त्यांच्यासाठी शाळा काढल्या, त्यांना हिब्रू शिकवलं, मराठी जुना करार हाती दिला. त्यांनी तो आनंदाने घेतला, त्यावर मराठीत कीर्तनं रचली, आणि नव्या कराराला नमस्कार करून तो परत केला. ज्या समाजाचा येशू होता, त्याच समाजाची मराठी बोलणारी माणसं अलिबाग-पेणच्या बाजारात भेटत असताना फुले, दोन्ही टिळक, बाबाराव यांतल्या कुणाच्या ख्रिस्तात त्यांचा चेहरा उमटला नाही. मराठी ख्रिस्तविचारातली ही सगळ्यांत मोठी फट मला वाटते. मिशनऱ्यांचाही यात दोष आहे. त्यांनी शुभवर्तमानं शिकवताना शास्त्री-परुश्यांना ढोंग्यांचे नमुने म्हणून उभं केलं, आणि ते ऐकणाऱ्याला येशू त्यांच्यातलाच एक होता हे कळायला मार्ग उरला नाही.

सोलापूरच्या मिशनकडे आता वळायला हवं, कारण पंडितांच्या ख्रिस्ताहून इथला वेगळा. तो शाळेतून आणि दुष्काळातल्या धान्यातून आला. हार्डिंग घराण्याचं नाव लावणारी बालवाडी आणि मुलींसाठीची वोरोनोको शाळा ही मिशनचीच कामं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात कोंडलेल्या लोकांच्या सोलापुरातल्या वसाहतीच्या कारभारातही काही काळ मिशनचा हात होता. तिथल्या माणसाला ख्रिस्त आणि हजेरीचा भोंगा एकाच दमात भेटले असतील. मंडळीत आलेले बहुतेक महार आणि मांग. त्यांच्यासाठी येशू कोण, याचं उत्तर त्रैक्यात नव्हतं. ज्याच्या नावाने आपलं पोर शाळेच्या बाकावर बसलं, तो येशू.

ख्रिस्ती झालेल्या या माणसांसमोर 1938 च्या जानेवारीत, सोलापुरातच, बाबासाहेब आंबेडकर बोलले. येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेला दोन वर्षं उलटली होती आणि ते कुठला धर्म घेणार याकडे सगळ्या धर्मांच्या लोकांचे डोळे लागले होते. ‘जनता’च्या 5 फेब्रुवारी 1938 च्या अंकात ते भाषण आलं. जगातल्या धर्मपुरुषांत बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनीच माझं मन ओढून घेतलं, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं. श्रोते सुखावले असणार. मग त्यांनी हिशोब मांडला. दक्षिणेतल्या चर्चांत जात पाळतात. मिशनरी एकदा बाप्तिस्मा दिला की आपलं काम संपलं असं समजतात, माणसांच्या राजकीय हक्कांकडे बघत नाहीत. आमचा अस्पृश्य समाज अडाणी असून चळवळीत आहे, तुमच्यात मॅट्रिक झालेली शेकडो मुलं-मुली असून तुम्ही गप्प. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते. त्याची गरिबी मात्र तशीच राहते.

बाबासाहेबांचं उत्तर पुढे अधिक नेमकं झालं. 1950 मध्ये ‘महाबोधी’तल्या लेखात आणि नंतर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये त्यांनी फरक सांगितला: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं आणि ते मानल्याशिवाय मुक्ती नाही असं सांगितलं, बुद्धाने स्वतःसाठी अशी जागा मागितली नाही, तो मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला इथे एक आक्षेप घेता येईल. देवपुत्राचा ठाम दावा सगळ्यांत जास्त योहानाच्या शुभवर्तमानात येतो, आणि तेच सगळ्यांत उशिराचं. मार्काचा येशू स्वतःबद्दल इतका मोकळा बोलत नाही. म्हणजे बाबासाहेबांनी नाकारला तो नायसियाचा ख्रिस्त. गालिलातल्या येशूशी त्यांचं भांडण झालंच असतं का, हा प्रश्न मोकळा राहतो.

अलीकडच्या काळात येशूला मराठीत आणायचं काम पुढे नेलं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी. त्यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे चर्चबाहेरच्या वाचकालाही नवा करार पार्श्वभूमीसकट वाचता आला. 2020 च्या जानेवारीत सोलापूरला लागून असलेल्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका पाद्र्याला अध्यक्ष केलं म्हणून त्या वेळी काहींनी ओरड केली. स्टीफन्सच्या ओव्या पाठ्यपुस्तकात घालून अभिमान मिरवणाऱ्या भाषेत ही ओरड झाली. 2024 च्या जुलैत ते गेले. व्हर्मेश किंवा सँडर्स यांच्या तोडीचं, येशूचा यहुदी काळ उलगडून दाखवणारं पुस्तक मराठी वाचकाच्या हाती पडायला हवं, आणि ते काम चर्चवर सोडून भागणार नाही. ते विद्यापीठांचं आणि प्रकाशकांचं आहे.

सोलापुरातल्या 1938 च्या त्या सभेत निघालेला शिष्यवृत्तीचा मुद्दा तर कायद्यातच जाऊन बसला. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.